होडी सुटली नाही तो दिवस

आम्ही चार मित्र नायगावच्या एकाच चाळीत लहानाचे मोठे झालो. एकाच नळावर रांग लावली, एकाच रात्रशाळेत शिकलो, जयंतीच्या मिरवणुकीत एकाच ताशामागे नाचलो. पुढे पोटापाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. नाना गिरणीत लागला, अण्णा बेस्टमध्ये कंडक्टर झाला, तात्या महापालिकेत गेला आणि आम्ही वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून गोदीत गेलो. चौघांचीही नोकरी संपली, मुलांची लग्ने झाली, तेव्हा एका रविवारी विहाराच्या पायरीवर बसलो असताना अण्णा म्हणाला, "अरे, जन्म समुद्राच्या काठी गेला, पण शिडाच्या होडीत आपण कधी बसलो का?"

कोणीच बसले नव्हते. आमची तर गोष्टच वेगळी. छत्तीस वर्षे गोदीत काढली. देशोदेशींच्या बोटी डोळ्यांसमोर लागल्या आणि सुटल्या. पण बोट म्हणजे माल, माल म्हणजे पाळी आणि पाळी म्हणजे पगार, एवढाच समुद्राशी आमचा संबंध. पाण्याकडे नुसते पाहत बसायचे असते, हे कोणी शिकवले नव्हते.

मग ठरले. चार जोडपी, तीन दिवस, मुरूड-जंजिरा. जायचे तेही पाण्यावरून. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, तिथून अलिबाग आणि पुढे एस.टी. पावसाळा संपून जंजिऱ्याच्या होड्या नुकत्याच पुन्हा सुरू झाल्या होत्या. तात्याने ओळखीतून राजपुरीच्या एका होडीवाल्याला दिवसभरासाठी सांगून ठेवले होते. सकाळी किल्ला पाहायचा, मग शीड उभारून खाडीत फिरायचे, पलीकडे दिघीला जेवायचे आणि सूर्य मावळताना परत यायचे. पैसेही ठरले होते. बायकांनी मुरूडच्या खोलीवर पहाटे चारला उठून भाकऱ्या भाजल्या, सुकट परतली, लसणाची चटणी वाटली आणि आम्ही आठजण सकाळी राजपुरीच्या धक्क्यावर हजर झालो.

पाहतो तो सगळ्या होड्या बांधलेल्या. नुसत्या राजपुरीच्याच नव्हेत, बाहेरून आसऱ्याला आलेल्या मासेमारीच्या बोटीही खाडीत नांगर टाकून उभ्या. आमचा होडीवाला धक्क्यावर बसला होता. साठीचा, पांढऱ्या दाढीचा माणूस. सगळे त्याला चाचा म्हणत होते. आम्हाला पाहून तो उठला.

"आज जमायचं नाय. बाहेर दर्या खवळलाय. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय."

वर पाहिले तर ऊन पडलेले. खाडीत पाणीही फारसे हलत नव्हते. समोर हाकेच्या अंतरावर जंजिरा दिसत होता. अण्णा म्हणाला, "चाचा, हे एवढं तर अंतर! दहा-पंधरा मिनिटांचं काम."

चाचा हसला. "जायचं नेऊ. पण किल्ल्याच्या दारात होडी लावायला जमली नाय, तर काय करणार? तिकडं लाट दगडावर आपटते. माणूस उतरताना पाय सटकला की संपलं."

त्यावर बोलायला काही उरले नाही. उद्याचा दिवस परतीचा. म्हणजे इतक्या लांब येऊन होडीत बसणे काही नशिबात नव्हते. आमची तोंडे पडलेली पाहून चाचा म्हणाला, "होडीत बसायचंय ना? या बसा. बांधलेली असली तरी होडीच आहे."

आणि वाचकहो, त्या दिवशी आम्ही आठजण सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत धक्क्याला बांधलेल्या होडीत बसलो.

पहिला तासभर अगदी अवघड गेला. आमचा हात स्वस्थ बसेना. घड्याळाकडे चार वेळा पाहिले. अण्णाने होडीच्या फळ्या मोजल्या. तात्या उठून धक्क्यावर फेऱ्या मारू लागला. आमच्या घरच्या मंडळींनी निवडायला म्हणून पिशवीतून शेंगा काढल्या. शेवटी नानाची वहिनी हसून म्हणाली, "बघा हो, आठ माणसांत एकालाही रिकामं बसता येत नाही!"

खरेच होते ते. पण हळूहळू पाण्याने आम्हाला वळण लावले. भरती लागली तशी होडी धक्क्याच्या वर येऊ लागली. दोर सैल होई आणि पुन्हा ताठ होई. चाचाने डोलकाठी, शीड, सुकाणू एकेक करून दाखवले. शीड कसे उलगडायचे, वारा मागून असला तर कसे धरायचे आणि आडवा असला तर कसे, हे त्याने समजावून सांगितले. नानाने शिडाचे कापड बोटांत धरले आणि म्हणाला, "हे जाड सूत आहे. विणही घट्ट आहे." ज्याने मागावर वर्षे काढली, त्याचे बोट कापड ओळखणारच. किल्ल्याची माहितीही चाचाने बसल्या बसल्या दिली. जंजिरा हे नावच मुळी अरबीतल्या जझीरा या शब्दावरून आले. जझीरा म्हणजे बेट. चहूकडे खारे पाणी आणि आत किल्ल्यात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. इथे राज्य करणारे सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतले. त्यांच्या मुलखातली कितीतरी माणसे गुलाम म्हणून विकली जाऊन समुद्रावरून या देशात आली आणि त्यांतल्याच काहींनी पुढे फौजा चालवल्या, राज्ये सांभाळली. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार चालवणारा मलिक अंबर हाही असाच विकला गेलेला हबशी. ज्याला बाजारात विकले त्यानेच पुढे राज्य राखले, हे ऐकून वहिनींनी शेंगा सोलणे थांबवले.

तात्या आमच्यातला वाचणारा. तो बराच वेळ किल्ल्यापलीकडच्या समुद्राकडे पाहत होता. मग म्हणाला, "बाबासाहेब महाडला दुसऱ्यांदा गेले ते समुद्रातून गेले, ठाऊक आहे ना? २४ डिसेंबर १९२७. पद्मावती नावाची बोट. बरोबर दोनशेच्या आसपास माणसं."

आम्हाला चवदार तळे ठाऊक, मनुस्मृतीचे दहन ठाऊक. पण बोट?

तात्याने सांगितले ते असे. धरमतरवरून जाणारी वाट जवळची होती. पण मोटारवाले बहिष्कार घालतील आणि ऐनवेळी गाड्या मिळणार नाहीत, अशी भीती होती. तसे झाले असते तर फार लांबची पायपीट करावी लागली असती. म्हणून लांबचा पल्ला पत्करून समुद्राने दासगाव बंदर गाठायचे ठरले. तिथून महाड पाचच मैल. तेवढे चालत जाता येते. २५ डिसेंबरला दुपारी बोट दासगावला लागली, तेव्हा हजारो माणसे बंदरावर वाट पाहत उभी होती.

"मुंबईहून निघून दासगावच्या खाडीत शिरायचं, म्हणजे बोट या समोरच्या पाण्यातूनच गेली असणार," तात्या म्हणाला.

आम्ही सगळेच त्या पाण्याकडे पाहत राहिलो. ज्यांना गाडीत कोणी बसवून घेईल की नाही याची खात्री नव्हती, त्यांना समुद्राने वाट दिली होती. त्यांच्यापैकी कोणी सहलीला निघालेले नव्हते. आम्ही मात्र सहलीला आलो होतो आणि भाकरी-सुकटीचा डबा घेऊन होडीत बसलो होतो. मध्ये किती वर्षे गेली, आणि किती माणसे!

दुपारी डबे उघडले. चाचाला बोलावले. तो आढेवेढे घेत होता, पण वहिनींनी भाकरी हातावर ठेवलीच. जेवणे झाली आणि बायका सवयीने भांडी गोळा करू लागल्या. तेव्हा आमची मंडळी एकदम म्हणाल्या, "काय हो, तुम्ही चौघं रिटायर झालात. आम्ही कधी होणार?"

चौघेही गप्प. पहाटे चारला कोण उठले होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. मग अण्णा उठला, त्याच्यामागे आम्ही. धक्क्यावरच्या नळावर चौघांनी डबे घासले. शेजारी जाळे शिवत बसलेल्या कोळणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसू द्या. दुपारचा चहाही आम्हीच आणला.

त्या चहावर बोलणे रजेवर आले. नाना म्हणाला, "मला एकदाच लांब रजा मिळाली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा. ती रजा अजून संपलेली नाही." तो हसत बोलला, पण त्या दिवसांत त्याच्या घरी चूल कशी पेटत होती ते आम्ही पाहिले होते. काम नसणे आणि विसावा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नानाइतके कोणाला कळणार? अण्णा म्हणाला, "मला रजा मिळायची, पण मी ती विकायचो. पोरांची फी भरायला." आम्हीही तेच केले होते. साठलेली रजा विकून थोरल्याचे कॉलेज झाले. विकायला रजा होती, हेच आमचे भाग्य. आमच्या वडिलांकडे तेही नव्हते.

आणि मग जे आम्ही कधी मित्रांपुढे बोललो नव्हतो, ते त्या होडीत बोललो.

आमचे वडील गोदीत टोळीवाल्याच्या हाताखाली रोजंदारीवर होते. सकाळी गेटावर उभे राहायचे. टोळीत घेतले तर मजुरी, नाही तर रिकाम्या हाताने घरी. १४ एप्रिल १९४४ चा शुक्रवार होता. चाळीत जयंतीची तयारी चालली होती. वडील तेव्हा चोवीस वर्षांचे. त्यांच्यावर पताका लावण्याचे काम होते. त्यांनी आपल्या जोडीदाराला सांगितले, आज माझ्या जागी तू उभा राहा, उद्या मी तुझी पाळी करतो. टोळीत माणूस पुरा भरला पाहिजे, नाही तर पुढच्या दिवशी टोळीवाला घेत नसे. जोडीदार कबूल झाला.

त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाची बोट लागलेली होती. तिच्या पोटात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकेही. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंबवाले पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे गेली. आग विझवणारे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. दरवर्षी ज्या दिवशी आपण निळ्या पताका लावतो, त्या दिवसाची मुंबईच्या गोदीला ही दुसरीही आठवण आहे.

वडिलांचा जोडीदार परत आला नाही.

वडिलांनी ही गोष्ट आम्हाला आयुष्यात एकदाच सांगितली. त्यात "मी वाचलो" असा शब्द नव्हता. "तो माझ्या जागी गेला" एवढेच होते. त्यानंतर त्यांनी आपल्या मनाने कधी रजा घेतली नाही. अंगात ताप असला तरी जात. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या नोकरीच्या नियमनाचा कायदा झाला. पुढे हळूहळू गेटावरची ती रोजची उभी बोली संपत गेली. वडिलांनाही हक्काची सुटी मिळू लागली, पण त्यांनी ती मनाने कधी स्वीकारली नाही. जयंतीला ते पाळी करून संध्याकाळी येत आणि आधी जोडीदाराच्या बायकोच्या दारात जाऊन मगच मिरवणुकीत येत. चौपाटीवर आम्हाला एकदाच नेले, तेही उभ्या उभ्या. सगळी पोरे वाळूत बसली, वडील उभेच राहिले. त्यांना जाऊन आता तीस वर्षे झाली. त्यांना समुद्राजवळ बसलेले आम्ही कधी पाहिले नाही.

बोलून झाल्यावर आम्हाला उमगले की, आपल्यालाही रिकामे बसता येत नाही ते याच घरातून आलेले आहे. आपण बसलो तर आपल्या जागी दुसरे कोणी तरी जाईल, ही भीती आम्ही पगारासोबत घरी आणत होतो आणि आमची पोरे ती पाहत होती. आमचा धाकटा आज एका खासगी गोदामात बारा-बारा तास राबतो आणि रविवारीही फोन घेतो. त्याला आम्ही काय शिकवले? कष्ट शिकवले. थांबायला शिकवले नाही.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तात्या शांतपणे म्हणाला, "बाबासाहेब १९४२ ला मजूरमंत्री झाले. १९४५ ला कारखान्यांतल्या कामगारांसाठी भरपगारी रजेचा कायदा आला. वर्षभर काम केलेल्या माणसाला सलग दहा दिवस. दुसऱ्याच वर्षी आठवड्याचे ५४ तास होते ते ४८ वर आले. एवढा मोठा माणूस, एवढी मोठी कामं डोक्यावर आणि गिरणीतला माणूस दहा दिवस घरी बसावा, म्हणून त्यानं कायदा केला. आपण ती रजा विकून खाल्ली."

"गरजेनं विकली," अण्णा म्हणाला.

"गरजेनंच. पण आता गरज संपली तरी बसता येत नाही, त्याचं काय?"

याला उत्तर कोणाकडेच नव्हते. पण त्यानंतर कोणी घड्याळ पाहिले नाही, एवढे खरे. नाना होडीच्या टोकाशी आडवा झाला आणि चक्क झोपला. बायका पाण्यात पाय सोडून बसल्या आणि माहेरच्या गोष्टी बोलू लागल्या. ओहोटी लागली तशी होडी पुन्हा खाली गेली आणि धक्क्याच्या हिरव्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडल्या. बावटा तसाच फडकत होता. आम्ही फळीला पाठ टेकून किल्ल्याकडे पाहत राहिलो. पाहता पाहता दोन तास कसे गेले, कळले नाही. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही समुद्राजवळ बसलो होतो.

संध्याकाळी निघायची वेळ झाली. तात्याने पाकीट काढले. चाचाने दोन्ही हात मागे घेतले. "होडी सुटलीच नाय, तर पैसे कसले?"

अण्णाही हळूच म्हणाला, "तसं बघितलं तर बरोबर आहे. सफर झाली नाही." तो मनाचा वाईट नाही. कंडक्टरी केलेला माणूस, प्रवास नाही तर तिकीट नाही, हा त्याचा जन्माचा हिशोब.

तेव्हा झोपेतून उठलेला नाना बोलला. "चाचा, आज बावटा लागला. तुमच्या घरी आज चूल पेटणार की नाही?"

"पेटते कशीतरी. दर्याचं असंच असतं. चार महिने पावसाळ्यात बंदच असतं आमचं."

"म्हणजे तुमची रजा बिनपगारी," नाना म्हणाला. "माझीही तशीच होती. घ्या हे. ही तुमची आजची पगारी रजा समजा."

चाचाला ते शब्द नीट कळले की नाही, कोण जाणे. तो नको नको म्हणत राहिला. मग आमची मंडळी पुढे झाल्या. "भाऊ, आम्ही दिवसभर तुमच्या होडीत बसलो. पोटभर जेवलो, बोललो, ही माणसं झोपलीसुद्धा. घरी असं कधी होत नाही. घ्या." अण्णाने तात्याच्या हातातले पैसे घेतले आणि स्वतःच चाचाच्या खिशात घातले. पूर्ण ठरले होते तेवढे.

चाचा क्षणभर तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "घेतो. पण मग तुमची सफर माझ्यावर बाकी राहिली. थंडीत दर्या शांत असतो. तेव्हा या. एक पैसा घेणार नाय."

परतीच्या रिक्षात कोणी फारसे बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी मुंबईला आलो. सकाळी पाचला नेहमीसारखी जाग आली. उठून बसलो आणि मग आठवले की कुठेही जायचे नाही. भिंतीवर वडिलांचा फोटो आहे, त्याकडे पाहिले आणि पुन्हा आडवे झालो.

रविवारी धाकटा घरी होता. जेवताना फोन वाजला. आम्ही काही बोललो नाही, फक्त आजोबांची आणि त्या जोडीदाराची गोष्ट त्याला पहिल्यांदा सांगितली. दहा दिवसांच्या रजेचा कायदा कोणी केला, तेही सांगितले. त्याने फोन उचलला नाही, वाजू दिला. तेवढ्यापुरताच, पण उचलला नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरांत कष्टाला कमी नाही आणि पैशाची ओढाताणही रोजची आहे. जंजिऱ्यालाच गेले पाहिजे असे नाही. पण वर्षातून एक दिवस घरातल्या सगळ्यांनी, भाकरी भाजणारीनेसुद्धा, कुठेतरी पाण्याकाठी नाही तर झाडाखाली नुसते बसावे. ज्यांना बसता आले नाही, त्यांच्या वाटचेही बसावे. आणि त्या दिवशी ज्याचे काम आपल्यामुळे थांबले असेल, त्याचा रोज बुडवू नये.

आमचे म्हणाल, तर आम्ही आठजण थंडीत पुन्हा राजपुरीला जाणार आहोत. भाकऱ्या या वेळी आम्ही चौघे भाजणार, असे ठरले आहे. त्या कशा होतील ते आत्ताच सांगता येत नाही. चाचाला जास्तीच्या आणतो म्हणून निरोप दिला आहे.